पाच प्रश्न, त्याच क्रमाने

"तुमचं नाव?"

"मुरलीधर रंगनाथ देवणीकर. रिटायर्ड वाहतूक नियंत्रक, लातूर डेपो. पुढचा प्रश्न?"

"आपण कुठं आहोत?"

"दवाखान्यात. लातूर. खाट नंबर चार, खिडकीजवळची. सगळी नोकरी लोकांना गाड्या दाखवण्यात गेली डॉक्टर, खिडकीची जागा आत्ता मिळाली."

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

"महिना?"

"जानेवारी. संक्रांत होऊन आठवडा होत आला, घरातल्या गुळाच्या पोळ्या अजून संपल्या नाहीत. हिनं केलेल्या आहेत. त्या इतक्यात संपायच्याही नाहीत."

"दोन बोटं दाखवा."

त्यांनी दोन बोटं दाखवली आणि तीच बोटं कपाळावर दाबून डोळे मिटले. "काय विचारायचं ते विचारा. फक्त मान हलवायला सांगू नका."

मी कागदावर लिहिलं : मंगळवार, सकाळी अकरा. ग्रेड दोन.

ही गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. लातुरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी रेसिडेंट डॉक्टर होतो. वय सव्वीस. माणूस दारातून आत आला की तो कसा आहे हे आपल्याला कळतं, असा माझा पक्का समज होता. नातेवाइकांचे तर मी मनात रकानेच पाडले होते. रडणारे, भांडणारे, पुण्याच्या मेव्हण्याला फोन लावून आम्हाला औषधं सुचवणारे, थर्मास मांडीवर घेऊन गप्प बसणारे. पेशंटबरोबर कोण आलंय ते बघायचं, रकान्यात टाकायचं आणि पुढच्या खाटेकडं जायचं. तोवर माझा एकही अंदाज चुकला नव्हता. अर्थात तपासणाराही मीच होतो.

देवणीकर बाईंसाठी मला नवा रकाना काढावा लागला : शिस्तीचे. कडक इस्त्रीची सुती साडी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला, पिशवीतून पेन काढताना टोपण आधी मागं लावायचं आणि मगच लिहायचं. एकतीस वर्षं त्यांनी चौथीच्या स्कॉलरशिपचा वर्ग घेतला होता. लातुरात एवढं सांगितलं की पुरतं. या गावात पोर जन्मलं की पाळण्याआधी क्लास शोधतात.

"सर, राउंड किती वाजता असतो?" त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं. माझ्या दुपटीहून जास्त वयाची बाई मला सर म्हणत होती, आणि मला ते आवडत होतं.

"सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा."

"आणि दर वेळी हेच पाच प्रश्न?"

"हेच."

"याच क्रमानं?"

"याच क्रमानं," मी म्हणालो. मला वाटलं, बाईंना पद्धतशीरपणाचं कौतुक आहे. मला स्वतःला होतंच.

देवणीकर काकांना सोमवारी सकाळी आंघोळ करताना डोक्यात कुणीतरी घण घातल्यासारखं झालं होतं. आयुष्यात असं डोकं दुखलं नव्हतं, असं त्यांनी स्वतः सांगितलं. मंगळवारी सकाळी आमच्याकडं आणल्यावर स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त पसरलेलं दिसलं. मेंदूच्या बुडाशी असलेल्या एका धमनीला फुगा आला होता आणि तो गळला होता. गळती आपोआप थांबली होती, पण फुगा जागेवर होता. तो पुन्हा फुटला तर बहुतेक माणसं वाचत नाहीत. कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी धातूचा चिमटा बसवणं हा त्यावरचा इलाज. ते काम आमच्याकडं एकच माणूस करायचा. डॉ. येमूल. ते सोलापूरहून मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे, आणि ऑपरेशनचा मायक्रोस्कोप फक्त शुक्रवारी मिळायचा.

मंगळवारी दुपारी येमूल सरांनी काकांना तपासलं आणि खाटेशेजारीच मला ग्रेड समजावून सांगितल्या. ते कमी बोलायचे आणि बोलताना हाताची बोटं मिटत जायचे.

"सोनटक्के, हे पाठ कर. एक म्हणजे नुसतं डोकं दुखतंय. दोन म्हणजे डोकं भयंकर दुखतंय, मान ताठ आहे, पण माणूस जागा आहे आणि शुद्धीवर आहे. तीन म्हणजे पेंगतोय, गोंधळलाय. चार, हलवून हलवून जेमतेम उठतो, एखादी बाजू लुळी. पाच, काहीही केलं तरी उठत नाही. हे दोन आहेत. शुक्रवारपर्यंत दोन राहिले तर शुक्रवारी करतो. चारच्या माणसाची कवटी मी उघडत नाही."

"आणि तीन?" हे मी नव्हतं विचारलं. बाईंनी विचारलं होतं.

"तीनचा विचार करावा लागतो," येमूल सर म्हणाले आणि दाराकडं निघाले. बाकीचं त्यांनी मला बाहेर व्हरांड्यात, चहा पिता पिता सांगितलं.

आमच्या धंद्यातली ही गंमत आहे. दुनियेत सगळीकडं मोठा आकडा चांगला, आमच्याकडं लहान. बाईंना ते सांगावं लागलं नाही.

मंगळवारी संध्याकाळी सहा : ग्रेड दोन. बुधवारी सकाळी आठ : ग्रेड दोन.

बुधवारी दुपारी दोनला मी राउंडला गेलो तेव्हा बाई खाटेच्या उशाशी वाकून काकांशी काहीतरी बोलत होत्या. मला बघताच सरळ झाल्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमचं नाव?"

"मुरलीधर देवणीकर."

"आपण कुठं आहोत?"

"दवाखान्यात. लातूर."

"वार?"

"बुधवार."

"महिना?"

"जानेवारी."

मी बोटं म्हणायच्या आत त्यांनी दोन बोटं वर केली. मला हसू आलं. मी बाईंना म्हणालो, "काका तयार असतात हं आता."

"हो ना," बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळात पाहिलं.

रूथ सिस्टर माझ्या मागून बाहेर आल्या. वीस वर्षं त्या वॉर्डात काढलेली बाई. "सर, चार नंबरचे काका पेंगुळलेत. सकाळी सुई टोचली तरी ओरडले नाहीत. काल माझ्याशी केवढी मस्करी केली होती."

"झोपेचं औषध चालू आहे, सिस्टर."

"औषध कालपण होतं की."

"पाचही उत्तरं बरोबर दिली त्यांनी. तुमच्यासमोर."

"दिली खरी," सिस्टर म्हणाल्या आणि माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघत राहिल्या. त्यांना मी 'शंकेखोर' मध्ये घातलं होतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. कागदावर लिहिलं : ग्रेड दोन. संध्याकाळी सहाला पुन्हा तेच. काकांची नजर प्रत्येक उत्तराच्या आधी खिडकीत उभ्या असलेल्या बाईंकडं जात होती. आणि मी, माणसं ओळखणारा मी, मनात म्हणालो, या वयातही केवढं प्रेम.

गुरुवारी सकाळी काकांचा सलाईनचा हात सुजला होता. मी आत गेलो तो थेट त्या हाताकडं. बोटं नीट हलतात का ते बघायचं होतं, म्हणून नावबिव बाजूला ठेवून मी म्हणालो, "काका, दोन बोटं दाखवा बघू."

"मुरलीधर देवणीकर," काका म्हणाले.

मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी त्यांच्या तोंडासमोर वाकलो. "दोन बोटं."

"दवाखान्यात. लातूर."

आवाज खणखणीत होता. बसस्थानकावर फलाट सांगावा तसा. मी हसलो. काका मस्करी करतायत असं मला खरंच वाटलं. "बरं, आपण कुठं आहोत?"

"गुरुवार."

"अहो," खिडकीजवळून बाई म्हणाल्या, "कुठं आहोत विचारतायत ते. कुठं."

"बाई, तुम्ही बोलू नका."

मी हे जरा जोरात बोललो असणार, कारण शेजारच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. काका शांतपणे छताकडं बघत होते. थोडं थांबून, कुणी काही विचारलं नसताना, ते म्हणाले, "जानेवारी." मग त्यांनी दोन बोटं वर केली आणि आपलं काम झालं अशा समाधानानं हात पांघरुणावर ठेवला.

मी बाईंकडं बोट केलं. "काका, या कोण?"

काकांनी मान वळवायचा प्रयत्न केला. ताठ मानेमुळं जमेना, म्हणून फक्त डोळे वळवले. बाईंकडं त्यांनी बराच वेळ बघितलं. आणि परक्या माणसाची ओळख करून द्यावी तसे अदबीनं म्हणाले, "या बाई. नव्या आल्यात. फार चांगलं शिकवतात." मग त्यांनाच विचारलं, "तुमचं गाव कुठलं म्हणालात?"

बाई खिडकीचा गज धरून उभ्या होत्या.

"देवणी," त्या म्हणाल्या.

"अरे वा. म्हणजे आमच्याच गावच्या."

बाईंनी गज सोडला, पदर नीट केला आणि माझ्याजवळ आल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा होता, न चढणारा, न उतरणारा.

"सर, तीन लिहा."

मी येमूल सरांना फोन लावला. त्या काळी वॉर्डातून बाहेरगावी फोन लावायला ऑपरेटरला सांगावं लागायचं आणि तो हटकून गाणी ऐकत बसलेला असायचा. त्या दिवशी मी खाली पळत गेलो आणि त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"तीन झालेत, सर."

"कधी?"

"आत्ता लक्षात आलं."

"तुझ्या कधी लक्षात आलं ते विचारत नाही. झाले कधी?"

माझ्या हातात कागद होता. त्यावर एकाखाली एक पाच दोन होते, सगळे माझ्या अक्षरात, सगळे सारखे.

"सोनटक्के, मेंदूत पाणी किती तासांपासून तुंबलंय त्यावर सगळं आहे. शोध. स्कॅन करून घे. मी निघालो." फोन बंद झाला.

स्कॅनला न्यायला गाडी येईपर्यंत पंधरा मिनिटं लागणार होती. मी वर आलो तेव्हा बाई व्हरांड्यातल्या बाकावर ताठ बसल्या होत्या.

"कधीपासून हे?" मी विचारलं. विचारताना मला राग आला होता, आणि राग त्यांच्यावरच आहे असं मी ठरवून टाकलं होतं. "तुम्ही पढवत होतात त्यांना. आम्ही इथं ग्रेड बघतोय, तुम्ही परीक्षा समजून..."

"परीक्षाच नव्हती का?" बाई म्हणाल्या. "दोन आले तर शुक्रवारी ऑपरेशन. नाही तर नाही. मी समोर उभी होते तेव्हा सांगितलं डॉक्टरांनी. एकतीस वर्षांत मी कुणाचं पोर नापास होऊ दिलं नाही, सर. यांना कसं होऊ देईन?"

"पण तीन म्हणजे नापास नव्हतं! तीन म्हणजे फोन करायचा होता. मला सांगून ठेवलं होतं सरांनी. रक्ताच्या गुठळ्यांनी मेंदूतल्या पाण्याची वाट अडते, पाणी तुंबतं, माणूस पेंगायला लागतो. डोक्यात एक बारीक नळी घालून ते पाणी काढलं की माणूस परत दोनवर येऊ शकतो. मग ऑपरेशन होतंच."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या.

"हे कधी सांगितलं डॉक्टरांनी?"

"मंगळवारी."

"कुठं?"

आम्ही जिथं चहा प्यायलो होतो त्याच व्हरांड्यात आत्ता आम्ही दोघं होतो. दारापासून फार तर सहा पावलं.

"मला कुणी सांगितलंच नाही," बाई म्हणाल्या. तक्रार नव्हती त्यात. गणित कुठं चुकलं ते सापडल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाल्या. मग पिशवीतून एक शंभरपानी वही काढली आणि माझ्या हातात दिली. "कधीपासून ते यात आहे."

वहीचं पहिलं पान पट्टीनं आखलेलं होतं. वर पाच रकाने : नाव, ठिकाण, वार, महिना, बोटं. सहावा रकाना : एकूण. दर राउंडच्या अर्धा तास आधी बाई काकांना एकदा काहीही न सांगता पाचही प्रश्न विचारत. मार्क देत. मग चुकलेली उत्तरं घोकून घेत आणि मी यायची वाट बघत.

मंगळवार संध्याकाळ, पाचपैकी पाच. बुधवार सकाळ, पाचपैकी चार. वार सांगताना अडले. बुधवार दुपार, पाचपैकी दोन. ठिकाण विचारल्यावर 'अहमदपूरची गाडी लागली' म्हणाले. बुधवार संध्याकाळ, एक. गुरुवार सकाळ, शून्य.

"हे खरे मार्क आहेत?"

"खोटे मार्क मी कधीच दिले नाहीत," बाई म्हणाल्या, आणि मग पहिल्यांदा त्यांचा आवाज जरा हलला. "तुम्हाला दाखवले नाहीत, एवढंच."

ज्या दुपारी मी 'काका तयार असतात हं आता' म्हणून हसलो होतो, त्या दुपारी त्यांना पाचातले दोन मिळाले होते. बाईंनी ते उघड्या डोळ्यांनी बघून लिहून ठेवलं होतं. रूथ सिस्टरनी तोंडावर सांगितलं होतं. ज्याला बघायचा पगार मिळत होता त्या एकट्यानं बघितलं नव्हतं.

मी खाली जाऊन पुन्हा फोन लावला. येमूल सर निघून गेले होते. निरोप त्यांच्या घरी ठेवला : बुधवार दुपारपासून. मग स्कॅनमध्ये जे दिसायचं होतं ते दिसलं. मेंदूच्या मधल्या पोकळ्या पाण्यानं फुगल्या होत्या. नव्यानं रक्त आलेलं नव्हतं.

येमूल सर पोचेपर्यंत दोन तास होते. काका आता जास्त पेंगत होते. हाक मारली की डोळे उघडायचे, मिटायचे. दर दहा मिनिटांनी मी डोळ्यांच्या बाहुल्या बघत होतो, हातपाय हलतात का बघत होतो. चारच्या किती जवळ आलोय याचा मनात हिशेब चालला होता. बाई पलीकडं स्टुलावर होत्या. त्यांनी काकांचा एक शब्दही घोकून घेतला नाही. नुसता हात धरून बसल्या होत्या.

"त्यांच्याशी बोला," मी म्हणालो. "चालेल."

"काय बोलू? पंचेचाळीस वर्षं तेच बोलतायत. मी फक्त चुका काढल्यात." थोड्या वेळानं म्हणाल्या, "मघा मला नव्या बाई म्हणाले. लग्नाच्या आधी आमच्या शाळेत कुणाला तरी सोडायला आले होते, तेव्हा हेच विचारलं होतं. गाव कुठलं. तेव्हा मी देवणी म्हणाले नव्हते. तेव्हा माझं गाव औसा होतं."

मग मी माझा कागद काढला. आमच्यात लिहिलेलं खोडायची पद्धत नाही. चुकलं तर खाली नवी नोंद करून सही करायची. "बाई, वहीतलं सांगा मला. एकेक. मी लिहितो."

त्यांनी वही उघडली आणि सांगायला लागल्या. वार, वेळ, मार्क, काय चुकलं ते. प्रत्येक ओळीनंतर थांबायच्या. "लिहिलंत? पुढं." मी लिहीत होतो. शेवटची ओळ आली. मी मान वर केली नाही. "गुरुवार, सकाळी साडेसात," त्या म्हणाल्या. "शून्य. लिहा."

मी लिहिलं. त्याखाली लिहिलं : माझ्या स्वतःच्या पाचही नोंदी करताना मी प्रश्न किंवा त्यांचा क्रम एकदाही बदलला नाही. सही केली.

येमूल सर साडेअकराला आले. चालतानाच त्यांनी कागद वाचला. वाचून झाल्यावर बाईंकडं वळले. "वही बघू." उभ्या उभ्या ते पान पाहिलं. "बुधवारी दुपारी अहमदपूरची गाडी. बरोबर. तिथून सुरू झालंय." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "सोनटक्के, यापुढं या वॉर्डात कुठलाही प्रश्न त्याच माणसाला दोनदा विचारायचा नाही. हात धू."

बारा वाजता कवटीला बारीक भोक पाडून नळी घातली. दाबाखालचं पाणी पहिल्यांदा चिळकांडीसारखं आलं, मग थेंब थेंब.

ते किती बरे होतील हे कुणी सांगू शकत नव्हतं. वीस-बावीस तास दबून राहिलेला मेंदू पूर्ण परत येतोच असं नाही. संध्याकाळपर्यंत काका डोळे उघडत होते, पण बोलत नव्हते. बाईंनी विचारलं, "उद्या?" मी म्हणालो, "उद्या सकाळी जी ग्रेड येईल त्यावर." त्यांनी मान हलवली. राउंड किती वाजता ते या खेपेला विचारलं नाही.

शुक्रवारचं ऑपरेशन झालं, चार तास चाललं आणि चांगलं झालं. चिमटा नीट बसला. काका पुढं कैक वर्षं औसा रोडवरच्या त्यांच्या घराच्या ओट्यावर बसून जाणाऱ्या गाड्यांची वेळ चुकली की ड्रायव्हरला ओरडून सांगत असत. हे सगळं मला नंतर कळत गेलं. पण मला जे आठवतं ते त्या ऑपरेशनच्या आधीचं आहे, सकाळी आठचं.

मी आत गेलो. येमूल सर दाराशी हाताची घडी घालून उभे होते. बाई खाटेशेजारच्या स्टुलावरून उठल्या.

"मी बाहेर थांबते," त्या म्हणाल्या.

"थांबलात तरी चालेल, बाई. फक्त..."

"नको. मी दिसले की ते माझ्या तोंडाकडं बघतात." आणि पिशवी घेऊन त्या बाहेर गेल्या. दार त्यांनी स्वतः ओढून घेतलं. वरच्या काचेतून त्यांचं डोकं आणि खांदे तेवढे दिसत होते, आमच्याकडं पाठ केलेले.

काकांच्या डोक्याला पट्ट्या होत्या आणि एका बाजूनं नळी निघाली होती. डोळे उघडे होते. मी रात्रभर प्रश्न शोधले होते आणि आयत्या वेळी एकही आठवेना.

"काका, संक्रांतीला घरी काय केलं होतं?"

बराच वेळ गेला. येमूल सरांनी पाय बदलला.

"पोळ्या," काका म्हणाले. आवाज घोगरा होता. "कडक."

"नोकरीत कुठं होतात?"

"डेपोत." पुन्हा वेळ गेला. "फलाट... फलाट सांगायचो."

"ही पट्टी कशाची आहे माहीत आहे?"

"डोक्याची." त्यांनी हात वर न्यायचा प्रयत्न केला, मी धरला. "माझ्याच असणार."

मी येमूल सरांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा कोराच होता. ते म्हणाले, "अजून एक."

मी दाराकडं बोट केलं. "बाहेर कोण उभं आहे?"

काकांनी डोळे त्या दिशेला नेले. काचेतून पांढरे केस, एक अंबाडा, साडीची कड. ते बघत राहिले. कालचं मला आठवलं आणि हा प्रश्न विचारायला नको होता असं वाटलं. काकांच्या कपाळावर पट्टीखाली एक आठी पडली. ती तशीच राहिली.

"कुमुद," ते म्हणाले.



"ती बाहेर का?" काकांनी विचारलं. एकेक शब्द सावकाश येत होता, पण जागच्या जागी येत होता. "तिला... वर्गाबाहेर उभं केलंय? कुणी?"

"त्या स्वतःच उभ्या राहिल्यात."

"का? काय केलं तिनं?"

येमूल सर खिडकीकडं बघायला लागले. मदत मिळणार नव्हती. मी म्हणालो, "काका, बाईंनी परीक्षेत कॉपी पुरवली."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ, नीट, डॉक्टरनं पेशंटकडं बघावं तसं. या पोराचं काय करावं, असं काहीतरी त्या नजरेत होतं.

"कुमुदनं?" ते म्हणाले. "शक्यच नाही."

मी कागदावर दोन लिहिलं आणि दार उघडलं.